बारा डब्या

गोजराबाई : गोळी खाल्ली म्हणते ना मी. आता तोंड उघडून दाखवू?

मनीषा : तोंड नको, मावशी. लघवी कोणत्या रंगाची होते तेवढं सांगा.

गोजराबाई : हे काय इचारणं झालं? आज रविवार हाय. सुट्टीच्या दिवशीबी तुला दुसऱ्याची लघवीच आठवते?

मनीषा : टीबीची ही गोळी पोटात गेली की लघवी लाल होते. शेजारच्या नवसाबाई घाबरून मला सांगायला आल्या होत्या. तुम्ही दोन महिन्यांत एकदाही काही बोलला नाहीत.

गोजराबाई : मी तक्रारखोर नाय.

मनीषा : मावशी, गोळ्या कुठं आहेत?

गोजराबाई : हळू बोल. आत पायल झोपलीय. रात्रभर कण्हत होती पोर.

मनीषा : ताप अजून आहे? मागच्या वेळी आले तेव्हाही होता.

गोजराबाई : दुपारी उतरतो, दिवेलागणीला चढतो. मानंला गाठ आलीय, बोराएवढी. हळद लावते रोज. तिची आई दिंडोरीला द्राक्षाच्या बागेत, बाप सनी लासलगावला कांद्याच्या गाड्या भरतोय. नात आमच्यावर टाकलीय दोघांनी.

मनीषा : किती दिवस झाले गाठीला?

गोजराबाई : झाले असतील पंधरा. पोरांना येतात गाठी.

मनीषा : गोळ्या कुठं आहेत, मावशी?

गोजराबाई : पिठाच्या डब्यामागं. सगळ्या हायेत, एकबी फेकली नाय. सरकारची वस्तू.

मनीषा : का नाही खाल्ल्या? तुमच्या नावावर टीबी निघालाय.

गोजराबाई : नावावर निघालाय.

मनीषा : म्हणजे?

गोजराबाई : म्हणजे काय! चहा ठेवू का?

मनीषा : चहा नको. मी आज संस्थेच्या कामावर आले नाही. बॅग नाही माझ्याकडे, फॉर्म नाही. मला एकच गोष्ट विचारायची आहे. मी विचारते, तुम्ही फक्त खरं सांगा. डब्या भरून दिल्या त्या दिवशी तुमच्या डबीत कोणाची थुंकी होती?

गोजराबाई : काय बी इचारते ही बाई! माझी डबी, तर माझीच असणार.

मनीषा : या गल्लीतल्या बारा जणांनी डब्या दिल्या. अकरा पॉझिटिव्ह. परवा त्या अकरा जणांचे एक्सरे काढले. अकराही छात्या स्वच्छ. डॉक्टर मशीनवरच चिडले, बिघडलं म्हणाले.

गोजराबाई : बिघडलं असंल.

मनीषा : जंतू पुण्याला पाठवले होते, मोठ्या तपासणीला. त्याचा रिपोर्ट शुक्रवारी आला. अकरा डब्यांतले जंतू एकमेकांपासून केसभरही वेगळे नाहीत. आमचे सर इतके खूश झाले! म्हणाले, एकाच गल्लीत एकापासून दहा जणांना लागण, असं इतकं साफ कुणाला सापडलं नसेल. परदेशात वाचून दाखवणार आहेत.

गोजराबाई : आमच्या गल्लीचं नाव परदेशात?

मनीषा : मला मात्र दोन रात्री झोप लागली नाही. कारण मला तो ओटा आठवला. इतर गल्ल्यांत मी घरोघर फिरून डब्या गोळा केल्या. तुमच्या गल्लीत सगळ्या डब्या तुमच्याच ओट्यावर रांगेत मांडून ठेवल्या होत्या.

गोजराबाई : तुला फिरायला लागू नये म्हणून.

मनीषा : मावशी.

गोजराबाई : काय मावशी मावशी करते? तूच म्हणाली होती का नाय? पहिल्या खेपेला आम्ही इमानानं दिल्या डब्या. तू परत आली, तोंड एवढंसं करून. म्हणाली, ही नुसती लाळ आहे, लाळ चालत नाही, घट्ट बेडका पाहिजे. ज्याची डबी चांगली त्यालाच संस्थेकडनं बादली बक्षीस. म्हणाली का नाय?

मनीषा : म्हणाले. मला वरून बोलणी बसली होती.

गोजराबाई : मंग! दुसऱ्या दिवशी पाचला उठून बसलो सगळे ओट्यावर. बारा जण. खोकतोय, खोकतोय, कुणाच्या तोंडातून काय निघंना. नवसाबाईला रातचं वरण वर आलं. हसून हसून पोटं दुखली. आणि तिकडं आमचा म्हातारा. त्याला खोकायला सांगावं लागतं का? अक्काबाई म्हणाली, ज्याच्या घरी विहीर हाय त्यानं आळीला पाणी द्यावं.

मनीषा : आणि बाबांनी दिलं.

गोजराबाई : दिलं. एकेकाची डबी हातात घेऊन. मधी दम लागायचा, पाणी प्यायचा, परत खोकायचा. बहिरूची डबी भरताना डोळे पांढरे झाले त्याचे. म्हणलं राहू द्या. नाय म्हणाला, त्याच्याकडं बादली नाय, नळ तीन दिवसाआड येतो.

मनीषा : आणि त्यांची स्वतःची डबी?

गोजराबाई : थांब, चहा टाकते.

मनीषा : मावशी, अकरा नव्हे, त्या बाराव्या डबीसाठी आले मी.

गोजराबाई : आधी लोकांचं, मंग आपलं, म्हणाला. शेवटाला त्याच्या छातीत काय राहिलंच नव्हतं. कोरडा ठणठणीत. मला तवा पडसं होतं. म्हणाला, तू थुंक माझ्या डबीत, नावाला.

मनीषा : म्हणजे तुमच्या डबीत ते, आणि त्यांच्या डबीत तुम्ही.

गोजराबाई : नवराबायकोत काय आपलं न् परकं.

मनीषा : ती एक डबी पातळ होती. मी फॉर्मवर लिहिलं होतं, ‘पातळ, पण चालेल’. बाकीच्या अकरांवर लिहिलं, ‘नमुना उत्तम’.

गोजराबाई : बघ, तूच पास केलं.

मनीषा : हो. अकराही डब्यांत बाबांच्या तंबाखूचे कण होते. अक्काबाई तंबाखू खातात?

गोजराबाई : ती? ती वासानं ओकते.

मनीषा : मला माहीत होतं ते. तिच्याच ओट्यावर बसून मी तिचा फॉर्म भरला होता. ‘तंबाखू – नाही’. तिच्या डबीत कण दिसला मला, मावशी. दिसला, आणि मी झाकण लावलं.

गोजराबाई : का गं?

मनीषा : महिन्याला साठ नमुने द्यावे लागतात, ते भरत नव्हते.

गोजराबाई : म्हणजे तूबी बादलीवालीच की.

मनीषा : हो.

गोजराबाई : आता काय, केस करतील आमच्यावर? रेशन बंद करतील?

मनीषा : कोणी काही करणार नाही.

गोजराबाई : बादल्या नेतील?

मनीषा : बादल्यांचं काय घेऊन बसलात!

गोजराबाई : तुझ्या घरी तोटी सोडली की पाणी येतं, म्हणून तुला बादली हलकी लागती. आणि मी बोलले हे गल्लीत कळलं तर? साऱ्यांचं नाव मी सांगितलं म्हणतील. नवसाबाई तर इमानानं खाते ती गोळी. मळमळतं, डोळे पिवळे झालेत, तरी खाते. मी म्हणलं, अगं तुला काय झालंय, कशाला खाते? तर म्हणाली, बादली घेतली, मंग गोळी खायलाच पाहिजे.

मनीषा : डोळे पिवळे? कधीपासून?

गोजराबाई : चार दिस.

मनीषा : देवा! मावशी, मी इथून उठले की आधी तिच्याकडे जाते. आजपासून एकही गोळी घेऊ देऊ नका तिला. उद्या डॉक्टर बघतील.

गोजराबाई : तुझ्या सरांना सांगितलं तू हे?

मनीषा : काल सांगितलं. ते हसले. म्हणाले, मनीषा, लोक साखर उसनी देतात, थुंकी कोण उसनी देतं? असं कुणी करत नाही. त्यांना लेखी पाहिजे.

गोजराबाई : त्यांनी एकदा इथं येऊन खोकून दाखवावं.

मनीषा : मी लिहून देणार आहे. तंबाखूचंसुद्धा. नोकरी जाईल बहुतेक. ते जाऊ दे. बाबा कुठं आहेत? त्यांची परत तपासणी करायला हवी, आणि लगेच.

गोजराबाई : पोरीला बिस्किट आणायला गेलाय. आता त्याला नको सांगू.

मनीषा : का?

गोजराबाई : तुला नाय माहीत. तपासणीचा कागद यायच्या आधी तो भाइर झोपायचा, ओट्यावर. थंडीतबी. कुणी सांगितलं नव्हतं. खोकला वाढला तसं आपणहून ताट-तांब्या येगळा केला. पायल जवळ गेली का हाकलायचा, काठी दाखवायचा. पोर रडायची, म्हणायची आजा वाईट हाय. मंग तुझा कागद आला. ‘जंतू आढळले नाहीत.’ सनीनं दोनदा वाचून दाखवला. म्हाताऱ्यानं चौकात जाऊन त्याला प्लास्टिक मारून आणलं. बघ, आरशाशेजारी लावलाय. त्या दिवशी पोरीला जी उचलून घेतली, ती आजपतुर खाली ठेवली नाय.

मनीषा : म्हणजे पायल त्यांच्याजवळच झोपते?

गोजराबाई : त्याच्याच गोधडीत. तोंडाला तोंड लावून गोष्टी ऐकते.

मनीषा : मावशी...

गोजराबाई : काय बघती अशी? आत पोरीकडं का बघती? पोरांना येतात गाठी, म्हणलं ना!

मनीषा : तिला उद्या घेऊन चला. दोघांनाही.

गोजराबाई : त्या कागदावर शिक्का हाय, बाई. मी कागदावर भरोसा ठेवला. मला खोकला रोज ऐकू यायचा. मी कागदावर भरोसा ठेवला.

मनीषा : मावशी, रडू नका. ती उठेल.

गोजराबाई : आला. ऐक. त्याचा खोकला आधी येतो, माणूस मागून.

(सहादू येतो. हातात बिस्किटाचा पुडा. दारातच भिंतीला टेकतो.)

सहादू : अरे, बाईसाहेब! रविवारी? थुंकी कमी पडली वाटतं.

मनीषा : बसा, बाबा. आधी दम घ्या.

सहादू : दम असता तर घेतला असता. हे दुकान आधी जवळ होतं. आता लांब नेलं कुणीतरी. गोजरा, डोळे का लाल तुझे?

गोजराबाई : चुलीनं.

सहादू : गॅस हाय आपल्याकडं.

मनीषा : बाबा, मला सगळं कळलं. डब्यांचं.

सहादू : हिनं सांगितलं? बायकांच्या पोटात... जाऊ दे. रागावू नका, बाईसाहेब. तीस वरीस खडी मशीनवर होतो. धूळ खाल्ली. शेवटी मुकादम म्हणाला, सहादू, तू आता काय कामाचा राहिला नाय, घरी बस. बसलो. आणि त्या दिवशी आख्खी गल्ली माझ्या ओट्यावर लाईन लावून. बाबा मला, बाबा मला. म्हणलं, घ्या. आपल्याकडचं कुणाला तरी लागतंय.

मनीषा : ते चुकलं, बाबा. माझंही चुकलं. त्या अकरा डब्यांत टीबी निघाला.

सहादू : ठाऊक हाय. बिचारे. गोळ्या चालू हायेत त्यांना.

मनीषा : त्यांना टीबी नाही. डब्या त्यांच्या होत्या. आतलं तुमचं होतं.

सहादू : माझा कागद साफ हाय. सनीनं वाचून दाखवलाय मला. शिक्का हाय.

मनीषा : तो कागद मावशींचा आहे. तुमचा कागद अकरा घरांत आहे, बाबा. फक्त या आरशाशेजारी नाही.

सहादू : गोजरा?

गोजराबाई : मी थुंकले होते तुमच्या डबीत. तुम्हीच म्हणाला होता. नावाला.

सहादू : हां. म्हणालो होतो. ते ध्यानातच नाय राहिलं. शिक्का बघितला न् इसरलो.

मनीषा : औषध आहे याला. गोळ्या रोज घेतल्या तर बरं होतं. मी उद्या सकाळी आठला रिक्षा घेऊन येते. मोठ्या दवाखान्यात जाऊ. पायललाही न्यायचं.

सहादू : तिला कशाला? ती तापानं झोपलीय.

मनीषा : मानेची गाठ दाखवू.

सहादू : गाठीचं काय? हळद लावतो की.

मनीषा : रिक्षा दारापर्यंत येईल, बाबा.

सहादू : रिक्षाचं नाय, गाठीचं बोला, बाईसाहेब. एवढं बोलता दरवेळी.

मनीषा : लहान मुलांत टीबीची गाठ अशीच दिसते, बाबा. मी डॉक्टर नाही. नसेलही. पण दाखवायला हवी.

सहादू : कागद येऊन किती दिवस झाले?

मनीषा : अडीच महिने.

सहादू : अडीच महिने. रोज रातची एक गोष्ट. कोल्ह्याची झाली का परत कोल्ह्याचीच. पहिलं काठी दाखवून पळवायचो तिला, ते बरं होतं.

गोजराबाई : तुम्ही काय मुद्दाम केलं का?

सहादू : बाईसाहेब, लिहून घ्या तुम्हाला काय लिहायचं ते. माझा अंगठा घ्या. गल्लीतल्या कुणाला बोल लावू नका. मीच म्हणलो आणा इकडं. गोजरा, तो कागद काढ आरशाजवळचा.

गोजराबाई : खिळ्यानं ठोकलाय तुम्ही.

सहादू : मंग राहू दे, आवाज होईल. आतली माझी गोधडी...

गोजराबाई : पोरीच्या अंगाखाली हाय. काढू?

सहादू : नको, जागी होईल. ते पोतं दे, ओट्यावर टाकतो. हा पुडा तुझ्या हातानं दे तिला. उठली का मला हुडकंल. आजा खडीवर कामाला गेलाय म्हणून सांग.