तुझ्या लोकांत

कॅसिमिर : दोनच तिकिटं मिळाली. एक माझं, एक फेलिक्सचं. बेसबॉलची मॅच, आपले सॉक्स विरुद्ध उत्तरेवाले कब्स! नातू आठ वर्षांचा झाला आणि आजोबाबरोबर एक मॅच पाहिली नाही, बरं दिसतं का हे?

नदीन : नाही म्हटलं ना, पप्पा. फेलिक्स येणार नाही.

कॅसिमिर : तो गॉर्डन न्यायचा तेव्हा बरं चालायचं!

नदीन : गॉर्डनला जाऊन तीन महिने नाही झाले. जरा नीट बोला.

कॅसिमिर : तुझ्या आईचा दुसरा नवरा तो. सख्खा आजोबा मी आहे. अगं, तुलासुद्धा मीच नेलं होतं की सॉक्स-कब्सच्या मॅचला! नऊ वर्षांची तू, हातात हॉटडॉग, गालभर मोहरीची चटणी... काय मजा आली होती!

नदीन : आणि डोक्यावर कब्सची टोपी.

कॅसिमिर : हां, ती टोपी! इथे दक्षिण शिकागोत, सॉक्सच्या मैदानात, माझ्या मित्रांदेखत! मुद्दाम घालून पाठवली त्या गॉर्डनने.

नदीन : मीच घातली होती. आम्ही शहराच्या उत्तरेला राहायचो, वर्गातली सगळी पोरं कब्सचीच. कब्सनी होमरन मारला, चेंडू थेट मैदानाबाहेर, आणि मी उडी मारून ओरडले. तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

कॅसिमिर : म्हणालो असेन काहीबाही. बिअर झाली होती.

नदीन : "ह्या रांगेत आपली माणसं बसतात. तू जा तुझ्या लोकांत." सगळे खो खो हसले. मला वाटलं, खरंच जायचंय. मी उठले.

कॅसिमिर : मला वाटलं, बाथरूमला गेलीस!

नदीन : मॅच संपेपर्यंत?

कॅसिमिर : बरोबरीत चालला होता सामना. म्हटलं, येईल.

नदीन : कब्सचा निळा शर्ट दिसला की मी त्या माणसाशेजारी जाऊन उभी राहायचे. तो बघायचा, मग मी पुढच्याकडे. शेवटी पहाऱ्यावरच्या एका बाईने हात धरून ऑफिसात नेलं. आई आणि गॉर्डन आख्खं शहर ओलांडून आले, तोवर माझी चड्डी ओली झाली होती.

कॅसिमिर : मग मला का नाही बोलावलं? अं? मैदानभर भोंगे आहेत! पोर हरवलं की बापाचं नाव पुकारतात. धावत आलो असतो मी! तुझ्या आईने जन्मभर मला ऐकवलं, पण माझं नाव कोणी पुकारलंच नाही. ह्यात माझा काय दोष?

नदीन : त्या बाईने विचारलं, "वडिलांचं नाव काय, बाळा?" मी गॉर्डनचं सांगितलं. तेच पुकारत राहिले. कोणी येईना, तेव्हा घरी फोन केला.

कॅसिमिर : घाबरली असशील. लहान होतीस. माझं नाव आठवलं नसेल.

नदीन : आठवलं होतं, पप्पा.