चंद्रगाडीचं झाकण

लोणावळ्याच्या एसटी स्थानकात मी तळेगावच्या गाडीची वाट बघत होते. मागच्या बाकावर माझ्यासारखंच पिकल्या केसांचं जोडपं बसलं होतं.

“अहो, हा चिक्कीचा खोका का खुळखुळतोय?”

“शेंगदाणे सुटले असतील, सुनेत्रा.”

“उघडा बघू.”

“घरी गेल्यावर उघडू.”

“बघा! चिक्की पिशवीत आणि खोक्यात प्लास्टिकचे तुकडे. पुन्हा ती खेळण्यातली चंद्रावरची गाडी जोडत बसायचं?”

“मंगळावरची. हिला सहा चाकं आहेत.”

आमच्या घरीही काड्यापेट्या जोडून केलेली आगगाडी असायची. मी कान टवकारले.

“पहिली पुरी झाल्याशिवाय दुसरी आणणार नाही, असं देवासमोर कबूल केलं होतंत.”

“पहिली परवाच पुरी झाली.”

“तिचा घुमट हरवला होता ना?”

“दुसरा बसवला.”

“ठाऊक आहे. माझ्या कुंकवाच्या करंड्याचं झाकण! वर पांढरा रंगही फासलाय.”

“तुला कळलं होतं? मग बोलली का नाहीस?”

“छान दिसत होतं म्हणून. पण आत कुणीच बसलेलं नाही.”

“त्या संचात माणसं नव्हती. ह्यात दोन आहेत, नखाएवढी. म्हणून तर आणला.”

“मग दोघांनाही माझ्या झाकणाखाली बसवा.”

“आणि मंगळावरची गाडी रिकामी?”

“तिच्यासाठी पुढच्या वेळी आणा.”

“म्हणजे आणखी एक संच आणू?”

“आधी सांगा, आपली चंद्रावरची गाडी चालवणार कोण?”

“मीच की.”

“झाकण कुणाचं आहे?”