गॅसची का कोळशाची

कुकरची रिंग बदलायला मेहरुनबी मलकापुरातल्या भांड्यांच्या दुकानात थांबली होती. पुढं एक नवरा-बायको बार्बेक्यूच्या शेगडीवरून हमरीतुमरीवर आली होती.

"गॅसचीच घ्यायची. रविवारी पलटणीतलं दोस्त येणार, चिकन मी सोता भाजणार हाय."

"कोळशाची घ्या."

"धुरानं डोळं चुरचुरत्यात गं."

"व्हय? मग मी गॅस मागितला तवा काय म्हणालता?"

"आता त्यो विषय कशाला हितं?"

"चुलीवरच्या भाकरीला लय चव असती, म्हणालता. मी धुरात डोळं पुसायची, आन् तुमी ताटावर बसून 'आणखी एक टाक' म्हणायचा."

"आला की गॅस नंतर!"

"सून आली तवा आला. माज्यासाटी न्हाई."

"हळू बोल. लोकं ऐकत्यात."

"ऐकू द्या! दादा, कोळशाची बांधा."

दुकानदार नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिला.

"त्यांच्याकडं काय बघतोस रं अश्फाक?" मेहरुनबी मागून कडाडली. "ती सांगतीया न्हवं? बांध."

अश्फाकनं सुतळी घेतली. "वहिनी, कोळसा फुलवायला हातपंखा देऊ?"

"नगं. माजी फुंकणी हाय घरात. तीच देते ह्यांच्या हातात."