छत्रीचं ठिगळ

दुसऱ्यांचं चोरून ऐकू नये म्हणतात. म्हणोत. भोर स्टँडवर म्हातारे जगनकाका आणि तरणी शेफाली गावोगावच्या फोटोवाल्यांचा सामाईक लाकडी कॅमेरा मधे ठेवून भांडत होते.

"कॅमेऱ्याच्या भात्याला भोक हुतं, काका. उजेड शिरला. डार्करूममधी चारही फिल्मा काळ्या निघाल्या."

"मग आज वेल्ह्याच्या फोटोवाल्याला कसा द्यायचा? गळका कॅमेरा फुडच्याला द्यायचा न्हाई, ठरलंय आपलं!"

"ठिगळ लावलंय की. दुहेरी, काळं."

"कशाचं?"

"तुमच्या छत्रीचं."

"नवी छत्री फाडलीस, भवाने?"

"ठिगळ लावल्यावर काढलेला ह्यो फोटो तर बघा."

"आगं, ही आमची लीला! हसतीया? चाळीस वर्षांत माझ्या कॅमेऱ्यापुढं कदी हसली न्हाई!"

"छत्री काकूंनीच कापली. ठिगळ लावून झालं तरी हसू थांबंना त्यांचं, तवर टिपलं."