समस्येला चेहरा

नीराबाई : फोटो माजाच हाय, तेवडं मला कळतं. त्याच्या खाली काय लिवलंय ते वाच.

नेत्रा : काकी, ते इंग्रजीत आहे.

नीराबाई : लिवताना आलं ना इंग्रजी? मग वाचताना मराठी कर. तुजी आई पन बसलीय हितं. तिलापन ऐकू दे.

कमळ : काय झालं गो नीरा? पडवीत पाय ठेवला नाय तोवर तनतनाय लागलीस. सकाळी मुंबईची बाई येऊन गेली, जागा बघून खूश झाली म्हने. चा ठेवू?

नीराबाई : चा नको. तू तुजा जवळा पाखड. पोरगी वाचंल.

नेत्रा : आई, काही नाही. आपल्या गटाच्या ओट्याचा प्रस्ताव आहे. मासळी वाळवायच्या सिमेंटच्या ओट्याचा. मुंबईच्या त्या संस्थेनं मंजूर केला ना, तो. तिथल्या प्राप्ती मॅडमनी सकाळी काकींना एक प्रत दिली.

नीराबाई : प्रत दिली आनि पाठीवरनं हात फिरवला. माज्या. जसा काय मी म्हातारा कुत्रा. वाच.

नेत्रा : 'नीराबाई, वय अठ्ठावन्न. सुकी मासळी विकणाऱ्या बत्तीस महिलांच्या गटाच्या अध्यक्ष.'

नीराबाई : हां. हे खरं. फुडं.

नेत्रा : 'शिक्षण नाही. घरात कोणताही निर्णय घेण्याचा अधिकार नव्हता. मासळी विकून आलेली कमाई पतीच्या हातात जात असे.'

नीराबाई : थांब. कमळ, ऐकलंस? आपल्या कोळीवाड्यात बाईची कमाई नवऱ्याच्या हातात. म्हावरा तो आनतो, पन बाजारात बसते कोन? पिशवी कुनाच्या कमरेला? हे बिडी प्यायचे तर मला हाक मारायचे, मालकीनबाई, जरा सोय बघा. अख्खा किनारा हसायचा त्यांना. आनि ही लिवते, अधिकार नव्हता.

नेत्रा : तसं लिहावं लागतं, काकी. फॉरमॅट असतो.

नीराबाई : आनि ह्यो फोटो? डोळ्यांत पानी?

नेत्रा : तो पालखीच्या जेवणाचा आहे. तुम्ही कांदा चिरत होतात.

नीराबाई : काकी, हिकडं बघा म्हनालीस. मी बघितलं. मला वाटलं पोरगी हौसेनं काढते. वाच फुडं.

नेत्रा : पुढचं नको.

नीराबाई : न्हाय कसं? सकाळी त्या बाईनं मोठ्यानं म्हटलं की. चाळीस वर्सं झाली, नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेतलं न्हाय. लग्नात उखान्यात घेतलं तेवडंच. आज अख्ख्या गटासमोर तिनं घेतलं. वाच.

नेत्रा : 'पती नामा दारू पिऊन रोज मारहाण करत असे. एकदा त्याने वल्ह्याने नीराबाईंचे डोके फोडले. सात टाके पडले. त्याच्या मृत्यूनंतरच त्या आपल्या पायावर उभ्या राहू शकल्या.'

(कमळ हातातलं सूप खाली ठेवते.)

नीराबाई : आता बोल कमळ. चा ठेवतेस?

कमळ : वल्ह्याचं तू लिवलंस, नेत्रा?

नेत्रा : आई, मला आधी बोलू दे. तुम्ही दोघी ऐकून घ्या. पहिला प्रस्ताव मी दोन पानी लिहिला होता. सगळा खरा. आमची मासळी वाळूवर वाळते, तिच्यात रेती जाते, कुत्री फिरतात, म्हणून व्यापारी ती कोंबड्यांच्या खाद्याच्या भावानं उचलतो. ओटा झाला, वर जाळी आली, तर तीच मासळी माणसांच्या भावानं जाईल. एवढंच. नामंजूर. दुसऱ्यांदा नकाशा जोडला, बत्तीस सह्या जोडल्या. त्यांचं उत्तरसुद्धा नाही आलं. तिसऱ्यांदा एका संस्थेनं कळवलं, तुमच्या प्रस्तावात माणूस दिसत नाही.

नीराबाई : बत्तीस सह्या, आनि मानूस दिसत न्हाय.

नेत्रा : मग मी अलिबागला त्या शिबिराला गेले. निधीसाठी प्रस्ताव कसा लिहावा. तीन दिवस. प्रज्योत सर म्हणून होते. त्यांनी माझे दोन कागद सगळ्यांसमोर वाचले आणि हसले. म्हणाले, मासळी स्वच्छ झाली तर मुंबईत कोण रडणार आहे? समस्येला चेहरा द्या. एक बाई, एक नाव, एक जखम. मग ओटा मागा.

नीराबाई : आनि तू माजं तोंड दिलंस.

नेत्रा : तुम्ही अध्यक्ष आहात.

नीराबाई : तोंड माजं, नाव त्यांचं. आनि जखम?

नेत्रा : काकी...

नीराबाई : ह्यो बघ, पदर काढला. केस पांढरे झालेत, लपायचं कायच न्हाय. शोध सात टाके. बोट लाव. सापडत न्हायत ना?

नेत्रा : नाहीत. मला माहीत आहे कुणाच्या डोक्यावर आहेत ते.

नीराबाई : तू जागी होतीस तवा?

नेत्रा : सात वर्षांची होते. गोधडी डोक्यावर घेतली होती, पण गोधडीला भोक होतं.

नीराबाई : मग त्या भोकातनं दारातनं आत कोन आलं तेपन दिसलं असंल.

नेत्रा : नामाकाका आले.

नीराबाई : आनि?

नेत्रा : आईच्या डोक्यावर एक घाव बसला होता. दुसरा काकांनी हातावर घेतला.

नीराबाई : उजव्या हातावर. मनगट मोडलं. अलिबागच्या दवाखान्यात डाक्टरनं इचारलं, कसं झालं? हे म्हनाले, बोटीवर पाय सरकला. का? तुज्या बापाला पोलिसानं नेऊ नये म्हनून. उद्या कमळची पोरगी बिनबापाची नको व्हायला, असं मला म्हनाले. हात वाकडा जोडला तो जोडला. त्या दिवसापास्नं जाळं कवा नीट ओढता आलं न्हाय. शेवटपर्यंत दुसऱ्याच्या बोटीवर जेवान शिजवलं त्यांनी. आनि तू त्याच हातात वल्हं दिलंस.

नेत्रा : मी बाबांचं नाव कसं लिहिणार होते? ते जिवंत आहेत. दारू सोडून अकरा वर्षं झाली. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन आहेत, देवळाच्या कमिटीवर आहेत. आईचं नाव लिहिलं असतं तर आईला वाडीतून चालता आलं असतं का?

नीराबाई : मला येतं चालता?

नेत्रा : मला वाटलं, इंग्रजीतला कागद मुंबईत जाईल आणि तिथंच राहील. नामाकाका गेलेले. त्यांना कोण विचारायला जाणार.

नीराबाई : मेलेला मानूस उलटून बोलत न्हाय. बरोबर हिशेब केलास.

कमळ : नीरा, सकाळी काय झालं ते सांग मला. मी बाजारात होते. नीट सांग.

नीराबाई : काय सांगू? बाई गाडीतनं उतरली, मांडव्यावरनं आली होती. जागा बघितली. वलांडीच्या काठ्यांवर बोंबील लटकतात त्याचे फोटो काढले. मग माजा हात धरला. म्हनाली, नामा गेल्यावर तरी तुम्हाला मोकळं वाटलं असेल ना, नीराताई? मराठी चांगली हाय तिची. सगळ्यांना कळली. मी हिच्याकडं बघितलं. ही त्या बाईच्या मागं हुभी. दोन्ही हात जोडलेले, असे, पोटाशी. डोळ्यांनी सांगत व्हती, हो म्हना, काकी, हो म्हना.

कमळ : मग?

नीराबाई : मागं गटातल्या बायका हुभ्या. प्रत्येकीच्या घरी रेतीची मासळी. मी व्हय म्हनाले.

कमळ : तू म्हनालीस.

नीराबाई : माज्या तोंडानं. ह्यांची बहीन, सोनाबाई, तिथंच बसलेली. तिनं टोपली तिथंच टाकली आनि उठून गेली. मगाशी मी तिच्या दारात जाऊन आले. दार उगडलं न्हाय तिनं.

नेत्रा : मी सोनाआत्याला समजावते. मी सांगते की कागदापुरतं होतं.

नीराबाई : काय सांगशील? तुजा भाऊ कागदापुरता राक्षस हाय? आनि कागद गेला कुठवर ते सांग. त्या बाईनं मला सांगितलं, तू सांगितलं न्हायस.

नेत्रा : सर तो प्रस्ताव आता नमुना म्हणून शिकवतात. शिबिरात.

नीराबाई : कुनाला?

नेत्रा : मुरूड, श्रीवर्धन, रोहा... सगळीकडून येतात लोक.

नीराबाई : म्हंजे ह्यांच्या नावावरनं अख्खा जिल्हा लिवायला शिकतोय.

नेत्रा : काकी, मी चुकले. पाया पडते. पण आता मागे घेतला तर सगळं जाईल. खोटी माहिती दिली म्हणून गटाचं नाव काळ्या यादीत जाईल. पुन्हा कुणीच देणार नाही. सोमवारी मॅडम कॅमेरा घेऊन येणार आहेत. तुमच्या घरी. फक्त पाच मिनिटं. नुसतं बसलात तरी चालेल, मी बोलेन.

नीराबाई : माज्या घरी भिंतीवर त्यांचा फोटो हाय, हार घातलेला. तो उतरवू का उलटा करू?

कमळ : नेत्रा, त्या कागदावर आपल्या सोसायटीचा शिक्का लागतो ना? तवा तू घरी आनला होतास. जेवताना.

नेत्रा : हो.

कमळ : सही तुज्या बापानं केली.

नेत्रा : चेअरमनची लागते. शिफारस म्हणून.

नीराबाई : थांब थांब. ह्या कागदावर? शिवदासची सही?

नेत्रा : शेवटच्या पानावर. 'वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.'

नीराबाई : त्याला इंग्रजी वाचता येत न्हाय.

नेत्रा : मी सांगितलं, ओट्याचं आहे. त्यांनी माशाचा हात पुसला आणि केली.

नीराबाई : ज्यानं वल्हं उचललं त्यानं लिवून दिलं, वल्हं नामानं मारलं.

कमळ : नीरा, तू नाव घेतलंस.

नीराबाई : आता काय ऱ्हायलंय त्यात. त्या बाईनं घेतलं, हिनं घेतलं, जिल्ह्यानं घेतलं. मीच तेवडी कशाला सोवळी ऱ्हाऊ?

नेत्रा : काकी, तुम्ही सांगाल ते लिहिते. नाव बदलून पाठवते. टायपिंगची चूक झाली म्हणते. दुसरं कुठलं तरी नाव घालू, कुणाचंच नसलेलं.

नीराबाई : तुजा हात बसला गो आता लिवायला. दुसरं नाव घाल, तिसरं घाल. पन मी व्हय म्हनाले ते कुठल्या टायपिंगनं पुसशील? कमळ, मी जाते. सोमवारी मी घराला कुलूप लावून उरनला भैनीकडं जाईन. ओटा गेला तर गेला. बायका मला शिव्या देतील त्या घेईन.

कमळ : बस.

नीराबाई : न्हाय कमळ.

कमळ : बस म्हनते. तू ईस वर्सं माजं डोकं झाकलंस. बाजारात मला कुनी इचारलं, तर तू बोलायचीस, कमळ मोरीत पडली. आता माज्या पोरीनं तुज्या दाराला काळं लावलं ते मलाच काढाय पायजे.

नीराबाई : तुजं उगडायला मी आले न्हवते.

कमळ : म्हाईत हाय. म्हनूनच बस. नेत्रा, त्या बाईंना फोन कर. सांग, नाव चुकलंय, घर चुकलंय. गोष्ट खरी हाय. मारलं ते खरं, टाके खरे. वाचवनारा मानूस होता त्याचंपन लिवायचं ऱ्हायलंय, ते आमी तोंडानं सांगू.

नेत्रा : आई, त्या चिडतील. सगळं रद्द करतील.

कमळ : करू देत. नायतर न्हायपन करनार. तुज्या सरांना जखम लागते ना? ही घे, बोट लाव. अजून हाय. थंडीत दुखते.

नेत्रा : आई, बाबा...

कमळ : सोनाबाईला मी स्वता बोलवीन. तिच्या भावाचं तिला माज्या तोंडानं ऐकू दे. कॅमेरा हितं लाव, या पडवीत. नीरा माज्या बाजूला बसंल.

नीराबाई : आनि शिवदास?

कमळ : त्याची सही हाय ना खाली? तोपन बसंल.