उद्या दहाच्या आत लंडन

ॲबर्डीन स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी माझ्यापुढे सत्तरीच्या एक आजी उभ्या होत्या.

“वादळामुळे आज लंडनची एकही गाडी सुटणार नाही, आजी,” खिडकीतला तरुण कारकून म्हणाला.

“मग विमान?”

“तीही बंद आहेत.”

“बस बघ.”

“तेरा तास अवघडून बसावं लागेल. परवा आरामात जा ना!”

“उद्या दहाला माझी साक्ष आहे, बाळा. माझा मुलगा ज्या मासेमारी बोटीवर बुडाला, तिची चौकशी चाललीय.”

“साक्ष फोनवरूनही देता येते म्हणे.”

“बोटीचा मालक तिथे समोर बसणार आहे. त्याच्या डोळ्यांत बघून बोलायचंय मला.”

“एकच जागा उरलीय, अगदी मागची, संडासाला लागून.”

“दे. मुलाची वाट बघत तीन दिवस धक्क्यावर उभी होते मी. इथे तर बसायला मिळतंय.”