तोडीच्या नंबराचं बटण

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या साखर कारखान्याचे चेअरमन सयाजीराव साहेब, व्यासपीठावर दाटीवाटीनं बसलेलं संचालक मंडळ, सॉफ्टवेअर कंपनीकडून खास पुण्याहून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती राजनंदिनी मॅडम, आणि जेवणाची वेळ टळली तरी सभ्यपणे बसून राहिलेल्या माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

मी आदिनाथ. संगणक विभागात मॅडमच्या हाताखाली काम केलं, आणि उद्यापासून त्यांच्या खुर्चीवर बसणार, असं आत्ताच जाहीर झालं. टाळ्यांबद्दल आभारी आहे. कारखाना माळशिरस तालुक्यात आणि निरोप सोलापुरात, हे कसं काय, असं येताना गाडीत कुणीतरी विचारलं. कारखान्यावर कार्यक्रम ठेवला असता तर सभासद आले असते, आणि मॅडम का चालल्या हे विचारत बसले असते. इथं कसं, निवांत आहे.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या हसतमुख स्वभावाचं कौतुक केलं. हसतमुख? मी तरी त्यांना ऑफिसात हसताना पाहिलेलं नाही. एका संचालकांनी सांगितलं की मॅडमची बोटं कीबोर्डवर फार झरझर चालायची. साहेब, तो टायपिंगच्या परीक्षेतला गुण झाला. कामाचा माणूस ओळखायची आपली मजल तेवढीच, त्याला तुम्ही तरी काय करणार?

खरी गोष्ट अशी की मॅडमनी सुरुवातीला कीबोर्डला हातच लावला नव्हता. हंगामात कुणाचा ऊस आधी तोडायचा, हा आपला कायमचा तंटा. उशीर झाला की ऊस वाळतो, वजन घटतं, म्हणून प्रत्येकाला आपला नंबर आधी हवा. जुनं सॉफ्टवेअर आजच्याच पाहुण्यांचं. त्यात प्रत्येकाच्या नावापुढं नंबर भरून ठेवलेला, आणि तो वरखाली करायला नाना सोयी. चेअरमन कोटा, संचालक विनंती, तातडीचं, अतितातडीचं. एक भांडण मिटवायला एक सोय, आणि त्या सोयीतून दोन नवी भांडणं. पाहुणे प्रत्येक सोयीचं वेगळं बिल लावायचे. हुशार माणसं आहेत, नाही कसं म्हणू?

नवा प्रोग्रॅम करायचा म्हणून मॅडम मात्र फळ्यावर काहीतरी काढायच्या, पुसायच्या, आणि आम्हाला म्हणायच्या, यातली चूक काढा. चूक निघाली की खूश, नाही निघाली की अस्वस्थ. बाई पगार कशाचा घेते, अशी चर्चा आज व्यासपीठावर असलेल्या मंडळींनी तेव्हा चहाबरोबर केली होती. एके दिवशी मॅडमनी फळ्यावरचा नंबराचा अख्खा रकानाच पुसला. म्हणाल्या, नंबर साठवायचाच कशाला? लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या तारखेत त्या जातीचा ऊस पिकायला लागणारे महिने मिळवा. ज्याची तारीख आधी येईल त्याचा ऊस आधी. लागेल तेव्हा मोजायचं, ठेवायचं काहीच नाही.

मी विचारलं, आणि एखाद्याचा ऊस जळाला तर? तो तर लगेच तोडावा लागतो. त्या म्हणाल्या, जळालेल्याला पिकायला महिने लागत न्हाईत, तितं शून्य धरा. मी मोजून पाहिलं, तो ऊस आपोआप सगळ्यांच्या पुढं आला. आणि जळक्या उसाचा दर कापतात, त्यामुळं हौसेनं कुणी पेटवत नाही. मग बाकीच्या अपवादांचं काय, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "ते अपवाद न्हाईत, ते कुनाचे तरी पाव्हणे हाईत."

प्रोग्रॅम इतका छोटा झाला की संचालक मंडळाला तो फसवणुकीचा प्रकार वाटला.

पुढं चेअरमनसाहेबांचे मेहुणे जोतिराम यांचा ऊस वेळेआधी न्यायचा झाला. साहेबांनी प्रेमानं विचारलं, "मॅडम, एक बटन टाकायला लई काय लागतंय?" मॅडम म्हणाल्या, "बटन टाकते की साहेब. पण दाबल्यावर हलवायला आत काय न्हाय." साहेबांना तो उद्धटपणा वाटला. साहेब, ते तांत्रिक उत्तर होतं.

मग शेतकी खात्यातल्या कुणाला तरी हाताशी धरून जोतिरामांच्या लागणीची तारीखच मागं नेली. त्याबरोबर त्या गावातल्या सगळ्यांचा नंबर नव्यानं मोजला गेला आणि ज्यांचा मागं गेला त्यांच्या मोबाईलवर तसा मेसेज पडला. बनाबाई नावाच्या सभासद फोन हातात धरून थेट साहेबांच्या केबिनमध्ये आल्या. "माझा नंबर मागं गेला, म्हंजी कुनाचा तरी फुडं आला की सायब. कुनाचा?" त्यांच्या मागं गाव उभं होतं. तारीख पुन्हा जागेवर आली, बनाबाईंचा ऊस वेळेवर गेला, आणि मॅडमकडून राजीनामा मागून घेतला गेला. त्याला आपण आज शाल, श्रीफळ आणि बासुंदी म्हणतोय.

मला याची किळस येते, आणि ती मी लपवत नाही. फळ्यावरचा एक रकाना पुसणं हे किती मोठं काम आहे, हे समजायची तुमच्यापैकी एकाची लायकी नाही.

काल साहेबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, खुर्ची तुझी, फक्त हंगाम सुरू व्हायच्या आत नंबराचा रकाना परत आण आणि त्याला एक बटण दे. पाहुणे मदत करतील. मी विचार करून सांगतो म्हणालो, आणि तो विचार आता सांगतो. साहेब, तुम्ही खुशाल बटण टाका. मी नाही टाकलं तर पाहुणे टाकतील, त्यांना अडवायची माझी ऐपत नाही. पण मॅडमचा नियम इतका साधा आहे की तो चालवायला कॉम्प्युटरच लागत नाही. म्हणून आज सकाळी इकडं निघण्याआधी मी तो नियम, आणि त्या त्या गावातल्या प्रत्येकाची लागणीची तारीख आणि उसाची जात, सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर पाठवलीय. खाली माझं नाव आहे. आता कुणीही आपल्या ओट्यावर बसून बोटांवर मोजेल.

आयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे आभार. मॅडम, तुमचे आभार मानायची ही जागा नव्हे. माझ्या बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर ते तसंच राहू द्या. मेसेजमध्ये मात्र एखाद्याची तारीख चुकली असेल तर माफी असावी. मला फोन करा, लगेच दुरुस्त करतो.